बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा

ऑफिसचा बॅकअप रोज होतो, पण ती डिस्क २४ तास सर्व्हरलाच लटकलेली असते. रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं की मूळ फायलींबरोबर तीही लॉक.

दोन डिस्क घ्या. एकीवर ‘सम’, दुसरीवर ‘विषम’ अशी चिकटपट्टी लावा. तारखेप्रमाणे त्या दिवसाची डिस्क जोडा, बॅकअप झाला की ‘इजेक्ट’ करून केबल काढा आणि डिस्क कपाटात टाका.

महिन्यातून एकदा कुठलीही जुनी एक्सेल फाईल बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून बघा. आमच्याकडे वर्षभर ‘बॅकअप झाला’ची हिरवी खूण दिसत होती, बॅकअपचं फोल्डर मात्र रिकामं!

मशीनवर गडबड वाटली तर तपासणी होईपर्यंत दोन्हीपैकी एकही डिस्क जोडू नका.