पोराच्या ‘आत्ता नाही आली’वर विश्वास ठेवू नका: रशियातल्या रात्रीच्या गाडीत या चुका टाळा

वर्षातून चार-पाच वेळा तरी मला हा फोन येतोच. कुणाचा भाऊ कझानला मेडिकलला असतो, कुणाच्या नवऱ्याला मॉस्कोत काम लागलेलं असतं, आणि सोबत तीन-चार वर्षांचं पोर. “वहिनी, रात्रीच्या गाडीनं जातोय, काही विशेष सांगायचंय का?” मी सांगायला लागले की दोन मिनिटांत तिकडून येतं, “अहो, आम्ही लहानपणापासून स्लीपरनंच फिरलोय, त्यात काय!” त्यात बरंच काही आहे. येकातेरिनबुर्गला पाच वर्षं काढली, मुलाला घेऊन मॉस्कोला किती खेपा झाल्या ते आता आठवतही नाही, आणि खाली लिहिलेल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात.

संडासाला कुलूप लागतं, हे माहीत नसणं

सगळ्यात मोठी चूक ही. जुन्या डब्यांत संडास थेट रुळावर उघडतो, आपल्याकडे बायोटॉयलेट येण्याआधी होता तसाच. आपल्याकडे ‘स्थानकात गाडी उभी असताना वापर करू नये’ अशी पाटी असायची आणि ती कुणी वाचायचं नाही. तिथं पाटीबिटी नाही, सरळ कुलूप. स्टेशन येण्याआधी डब्याची अटेंडंट बाई, म्हणजे प्रवद्नीत्सा, येऊन दार बंद करते आणि गाडी शहराबाहेर पडल्यावरच उघडते. मोठं शहर असेल तर आधीची वीसेक मिनिटं, थांबा, नंतरची वीसेक मिनिटं असा हिशेब धरा. चार वर्षांच्या पोरासाठी हा हिशेब कसा असतो ते सांगते.

जानेवारी महिना होता. आम्ही दोघंच, मी आणि मुलगा, मॉस्कोला निघालो होतो. पाच वर्षांखालचं एक मूल मोठ्या माणसाबरोबर वेगळा बर्थ न घेता फुकट जातं. मी हुशारी केली आणि प्लात्सकार्तचा, म्हणजे उघड्या डब्यातला, एकच बर्थ काढला, तोही वरचा, कारण खालचे संपले होते. जेमतेम दोन फुटांच्या फळीवर आम्ही दोघं. संध्याकाळी पोराला पदस्ताकान्निक दिसला. म्हणजे काचेच्या ग्लासाला धरायला कडी असलेलं नक्षीदार धातूचं आवरण, त्यात ग्लास ठेवून चहा देतात. तो हातात धरता यावा म्हणून पठ्ठ्यानं दोन ग्लास पातळ चहा प्यायला, वर केफीर, म्हणजे ताकासारखं आंबवलेलं दूध. मीही कौतुकानं पाजला. झोपताना विचारलं, “शू आली?” “आत्ता नाही आली.” बरं म्हटलं आणि झोपलो.

रात्री गाडी बालेझिनोला थांबली. गाव छोटंसं, पण तिथं गाडी वीस-पंचवीस मिनिटं उभी राहते, कारण तिथं विजेचा प्रकार बदलतो: एका बाजूला डीसी, दुसऱ्या बाजूला एसी. म्हणून इंजिन बदलतात, पूर्वी आपल्या इगतपुरीला बदलायचे तसं. हलणारी गाडी थांबली की लहान पोर जागं होतं, हा नियमच आहे. “आई, शू.” वरून उतरले, त्याला उतरवलं, पळत टोकाला गेलो तर कुलूप. प्रवद्नीत्सा खाली फलाटावर, हातात लोखंडी पहार, डब्याखाली साचलेला बर्फ फोडत होती. मी दारातून हातवारे केले. तिनं मान वर करून एकच शब्द टाकला, “नेल्झ्या.” नाही म्हणजे नाही.

परत बर्थवर चढलो. मी त्याला गोष्ट सांगायला लागले. गोष्टीतला राजा जंगलात पोचायच्या आत गादी ओली झाली. गादी, तो आणि मी.

आणि कपडे? कपडे मोठ्या बॅगेत. बॅग वरच्या फळीवर चढवता येईना म्हणून खालच्या बर्थच्या आजीबाईंनी त्यांच्या बर्थखालच्या पेटीत ठेवू दिली होती. ती पेटी उघडायची तर बर्थच उचलावा लागतो, आणि बर्थवर आजीबाई गाढ झोपलेल्या. रात्री दोनच्या सुमाराला त्यांना हलवून उठवलं. उठून बसल्या, पोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तरी मी बघत होते, किती चहा पाजतेस ते.” प्रवद्नीत्सेनं नंतर न बोलता कोऱ्या चादरी आणून दिल्या आणि गादी उलटी करून दिली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. डब्यात शिरल्या शिरल्या भिंतीवरचा थांब्यांचा तक्ता बघायचा. त्याचा फोटो काढायचा, पंधरा मिनिटांच्या वरचे थांबे लक्षात ठेवायचे आणि त्याआधी अर्धा तास पोराला न्यायचंच. विचारायचं नाही. ‘आली का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. उशाशी एक कापडी पिशवी: दोन चड्ड्या, एक पायजमा, टॉवेल, प्लॅस्टिकचा तुकडा, ओले वाइप्स आणि रुंद तोंडाची झाकणाची बरणी. बरणीला हसणाऱ्यांना मी जानेवारीतलं बालेझिनो सांगते. नव्या डब्यांत बायोटॉयलेट असतं, ते थांब्यावरही उघडं राहतं. तिकीट काढताना डब्याच्या माहितीत तसं दिलेलं असतं, ते बघून घ्या. तरी बरणी न्या. आणि शेवटचं शहर मॉस्को असेल तर पहाटे सगळा डबा एकाच वेळी जागा होऊन रांग लावतो. तुम्ही त्यांच्या आधी अर्धा तास उठा.

फुकट आहे म्हणून बर्थ न घेणं

वर आलंच आहे. पैसे वाचत नाहीत, झोप जाते. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला सवलतीत स्वतःचा बर्थ मिळतो, तो घ्याच. पाचखालच्या मुलालाही खालचा एक बर्थ तरी हातात हवा. आणि फुकट असलं तरी त्याचं शून्य रकमेचं तिकीट काढावंच लागतं, पासपोर्टच्या नंबरासकट. दारात प्रवद्नीत्सा प्रत्येकाचा पासपोर्ट ताडून बघते, दूधपित्या बाळाचासुद्धा.

कुपे या शब्दानं आपले लोक फसतात. आपल्याकडे कूपे म्हणजे दोघांचा. तिथला कुपे चौघांचा, दार लावता येणारा. दोघांचा हवा तर त्याला एसव्हे म्हणतात आणि तो महाग. प्लात्सकार्त म्हणजे आपल्या स्लीपरसारखा उघडा डबा, चोपन्न बर्थ, मधला बर्थ नाही. विषम आकडे खालचे, सम आकडे वरचे. ३३ ते ३८ हे आकडे संडासाजवळचे. लहान मूल आहे म्हणून लोक मुद्दाम तेच घेतात आणि रात्रभर दाराची आदळआपट ऐकतात. त्यापेक्षा डब्याच्या मधले घ्या, चार पावलं जास्त चालावं लागेल. आणि ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ तिथं गृहीत धरू नका. खालच्या बर्थसाठी बहुतेकांनी जास्त पैसे मोजलेले असतात. विचारायला हरकत नाही, पण ‘नाही’ म्हणाले तर तोंड वाकडं करायचं नाही.

पोराला कांद्यासारखं गुंडाळणं

बाहेर उणे वीस म्हटल्यावर आपल्या आया मुलाला थर्मल, स्वेटर, जाकीट, माकडटोपी चढवतात आणि तसंच डब्यात बसवतात. डबा आतून चांगलाच तापलेला असतो, वरचा बर्थ तर भट्टीच. रशियन माणूस गाडीत चढला की पाच मिनिटांत घरचे कपडे आणि सपाता घालून बसतो. ते काही आळशी नाहीत, त्यांना कळतं म्हणून. आपलं पोर घामानं निथळतं, मग लांबच्या थांब्यावर ‘जरा हवा खाऊ’ म्हणून बाप त्याला तसाच खाली नेतो आणि पुढचे आठ दिवस खोकला. माझ्या नणंदेनं हे दोनदा केलं. दुसऱ्यांदा मी काही बोलले नाही.

आत सुती टीशर्ट-पायजमा. उतरायचं तर पुन्हा सगळं चढवून, आणि तेही दहा मिनिटं. दोन मिनिटांच्या थांब्यावर उतरायचंच नाही, तुमचा फोटो राहिला तर राहू दे.

उकळतं पाणी

डब्याच्या टोकाला, अटेंडंटच्या खोलीशेजारी, पाण्याचा बंब असतो. त्याला तितान म्हणतात. चोवीस तास गरम पाणी, फुकट. पोराला सोबत नेऊ नका, ‘बघू दे, मजा वाटते’ म्हणूनसुद्धा नाही. गाडी वळणावर हलते, बोळ अरुंद, समोरून कुणीतरी कप घेऊन येतच असतं. मी थर्मास अर्धा भरते, बूच लावते आणि मगच निघते. त्या पाण्यात घरून नेलेलं उपम्याचं तयार मिश्रण झाकून ठेवलं की दहा मिनिटांत पोराचं पोट भरतं. स्टेशनवर मिळणारे कपातले नूडल्स घेणार असाल तर पाकिटावर ‘गव्यादिना’ लिहिलंय का ते बघा. ते गोमांस. शब्दातला ‘गव्’ आपल्या ‘गव्या’चाच भाऊबंद आहे, त्यामुळे विसरणार नाही. ‘कूरित्सा’ म्हणजे कोंबडी.

बाकीच्या, एकेका ओळीत

डबे कुठून मोजायचे ते स्टेशनवर पुकारतात: ‘स गलवी’ म्हणजे इंजिनाकडून, ‘स ख्वस्ता’ म्हणजे शेपटाकडून. हे न ऐकता पोराला काखोटीला मारून बर्फातून अख्ख्या फलाटाची रपेट करणारं कुटुंब प्रत्येक गाडीला एक तरी असतंच.

जुने लेख वाचून ‘तिकिटावर मॉस्कोची वेळ असते’ असं धरून बसू नका. १ ऑगस्ट २०१८ पासून स्थानिक वेळ असते.

मॉस्कोत एकाच चौकात तीन स्टेशनं आहेत: लेनिनग्राद्स्की, यारोस्लाव्स्की, कझान्स्की. तिकिटावरचं नाव टॅक्सीवाल्याला दाखवा, नुसतं ‘स्टेशन’ म्हणू नका.

भारतातली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं मार्च २०२२ पासून तिथं चालत नाहीत. रोख रूबल ठेवा.

पहिल्याच फटक्यात व्लादिवोस्तोक नको. मॉस्कोपासून ९,२८८ किलोमीटर आणि जवळजवळ सात दिवस, हे पोराचं स्वप्न नसतं, बापाचं असतं. आधी मॉस्को ते पीटर्सबर्ग एक रात्र काढा, मग कझान, मग बघू.

उतरण्याआधी चादरी गोळा करतात. त्यात पोरानं चमचा किंवा पदस्ताकान्निक गुंडाळून ठेवलाय का ते झटकून बघा. ग्लास परत मोजून घेतात. आमच्याकडचा एक त्यामुळेच आला. मॉस्को जवळ आल्यावर प्रवद्नीत्सेनं पैसे सांगितले, मी मुकाट्यानं दिले, आणि आता त्यात मुलाच्या पेन्सिली असतात.