फ्रेंच इमर्शनच्या जागा वाढवून मागताना

फ्रेंच इमर्शनच्या, म्हणजे शाळेतले बरेचसे विषय फ्रेंच माध्यमातून शिकवणाऱ्या कार्यक्रमाच्या, प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागला नाही आणि मूल प्रतीक्षायादीत आहे असे कळताच बहुतेक पालक शाळेच्या प्रिन्सिपलांना गाठतात, आणि पहिले दोन-तीन आठवडे तिथेच वाया जातात. कॅनडात १८६७ च्या संविधानाने शिक्षण हा विषय प्रांतांकडे दिला आहे. प्रांताचे शिक्षण मंत्रालय चौकट आणि निधी ठरवते आणि त्या चौकटीत इमर्शनचे वर्ग कोणत्या शाळेत, कितवीपासून आणि किती तुकड्यांचे असावेत हे सहसा त्या भागातल्या शाळा चालवणारे स्कूल बोर्ड ठरवते. त्यामुळे पहिले पत्र आपल्या प्रभागाच्या निवडून आलेल्या ट्रस्टींना, म्हणजे बोर्डाच्या सदस्यांना, जावे आणि त्याची प्रत बोर्डाच्या फ्रेंच विभागाच्या सुपरिंटेंडेंटना द्यावी. नोव्हा स्कोशिया प्रांतात इंग्रजी बोर्डांवरचे निवडून आलेले ट्रस्टी २०१८ मध्ये रद्द झाले, त्यामुळे तिथल्या पालकांना थेट प्रशासन आणि प्रांतिक आमदार यांच्याकडेच जावे लागते.

पत्रात ‘आमचा हक्क’ हा शब्द शक्यतो टाळावा. हक्क-स्वातंत्र्य सनदेच्या कलम २३ ने दिलेला फ्रेंच शिक्षणाचा हक्क क्युबेकबाहेरच्या फ्रेंच भाषक अल्पसंख्याकांसाठी आहे आणि त्यांच्या शाळा वेगळ्या फ्रेंच बोर्डांकडे असतात. इमर्शन हा इंग्रजी बोर्डांतल्या, घरी फ्रेंच न बोलणाऱ्या मुलांसाठीचा कार्यक्रम आहे आणि ऑन्टारियो प्रांतात तो बोर्डाच्या मर्जीवर, म्हणजे ऐच्छिक आहे. चुकीचे कलम पुढे केले की बोर्डाच्या वकिलाचे काम सोपे होते. आपली बाजू उभी राहते ती मागणी, गरज आणि तफावत यांच्यावर: ऑन्टारियोच्या अभ्यासक्रमानुसार आठवीअखेर इमर्शनच्या मुलाला किमान ३,८०० तास फ्रेंच माध्यमातून मिळतात, तर सर्वांना सक्तीच्या असलेल्या कोअर फ्रेंचमध्ये, म्हणजे फ्रेंच हा फक्त एक विषय म्हणून शिकताना, अवघे ६००.

आता आकडे, कारण खरी मेहनत इथेच आहे. आमच्या गटाने पहिल्यांदा बोर्डासमोर बोलताना दिलेल्या पाच मिनिटांपैकी साडेचार द्वैभाषिकतेच्या फायद्यांवर घालवली, नंतर एका ट्रस्टींनी शांतपणे विचारले, “किती मुले, कोणत्या भागातली?” आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. पुढच्या वेळी आम्ही एका पानाचा तक्ता नेला. मुलांची नावे नव्हती; फक्त जन्मवर्ष, पोस्टल कोडची पहिली तीन अक्षरे, सर्वांत जवळची इमर्शन शाळा, अर्जाचा निकाल आणि ‘नकार मिळाल्यावर मूल कुठे गेले’ असे पाच रकाने होते. पाचवा रकाना सर्वांत बोलका ठरला.

बोर्डाच्या हिशेबात ‘जागा’ म्हणजे एक शिक्षक, एक खोली आणि बहुधा एक बस. ऑन्टारियोत पहिली ते तिसरीच्या वर्गांपैकी ९० टक्के वर्गांत २० किंवा त्याहून कमी मुले असावीत आणि कोणत्याच वर्गात २३ च्या वर नसावीत असा नियम आहे. म्हणून सहा मुलांची यादी ही फक्त तक्रार ठरते, तर एकाच परिसरातली वीस मुले म्हणजे एक तुकडी. मागणी तुकडीच्या भाषेतच लिहावी: अमुक शाळेत, अमुक सप्टेंबरपासून, पहिलीची एक तुकडी. मागील वर्षांचे अर्ज आणि नकार यांचे आकडे बोर्ड देत नसेल, तर ऑन्टारियोत पाच डॉलर भरून माहिती-स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करता येतो, पण आधी साध्या ई-मेलने विचारून पाहावे.

यावर ‘शिक्षकच मिळत नाहीत’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते खोटे नसते. त्यावर वाद न घालता प्रश्न विचारावेत: फ्रेंच शिक्षकांच्या जागांच्या जाहिराती वसंत ऋतूत निघाल्या की ऑगस्टमध्ये? फ्रेंच शिकवण्याची पात्रता असलेले किती शिक्षक सध्या इंग्रजी वर्गांवर आहेत? संघराज्य सरकारचा द्वितीय भाषा शिक्षणाचा निधी प्रांतामार्फत बोर्डापर्यंत किती आला आणि कशावर खर्च झाला? ही उत्तरे लेखी मागावीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इमर्शन वाढले की त्याच शाळेचे इंग्रजी वर्ग ओस पडतात आणि ज्यांना जास्त आधार हवा ती मुले तिथेच उरतात. टोरोन्टोलगतच्या पील जिल्हा बोर्डाने २०१२ मध्ये पहिलीतील इमर्शन प्रवेशांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा शिक्षकांच्या तुटवड्याइतकीच ही चिंताही चर्चेत होती. माझ्या मते या आक्षेपाला बगल देणारा गट हरण्याच्याच लायकीचा असतो. मागणीतच इमर्शन वर्गांत विशेष साहाय्यक शिक्षक आणि नवागत कुटुंबांना त्यांच्या भाषेत प्रवेशाची माहिती हे मुद्दे घालावेत. आपल्यापैकी अनेकांना ‘आई-बाबांना फ्रेंच येत नाही, मग नको’ असे कुणीतरी सांगितलेले असतेच.

वेळ चुकली तर उत्तम तक्ताही निरुपयोगी ठरतो. ऑन्टारियोच्या बोर्डांचे आर्थिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते आणि अंदाजपत्रक उन्हाळ्याआधी मंजूर होते. म्हणून शरद ऋतूत आकडे गोळा करावेत, हिवाळ्यात ट्रस्टींना एकेकटे भेटावे आणि अंदाजपत्रकाची चर्चा सुरू होताच डेलिगेशन, म्हणजे बैठकीत म्हणणे मांडणारा गट, म्हणून नाव नोंदवावे. नोंदणीची मुदत बैठकीच्या बरेच दिवस आधी संपते.

बोर्ड किंवा प्रांत कार्यक्रमच कापायला निघाला, तर सल्लामसलतीच्या प्रक्रियेवर बारीक नजर ठेवावी. न्यू ब्रन्सविकमध्ये २००८ साली लवकर सुरू होणारे इमर्शन बंद करण्याचा निर्णय न्यायालयाने रद्द केला, तो लोकांना म्हणणे मांडायला पुरेसा वेळ दिला नाही म्हणून; पण सरकारने नंतर चर्चा घेऊन प्रवेश तिसरीवर नेलाच आणि तो पहिलीवर परत यायला २०१७ उजाडले. त्याच प्रांतात २०२३ च्या जानेवारीत जाहीर सभांना पालक आणि शिक्षकांनी गर्दी केली आणि फेब्रुवारीत इमर्शन बदलण्याची योजना मागे घेण्यात आली.

बैठकीत बहुतेक वेळा मतदान न होता विषय ‘अहवालासाठी प्रशासनाकडे’ जातो. तसे झाले तर सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी अहवालाची तारीख विचारावी, ती इतिवृत्तात आली आहे का हे पाहावे आणि त्या तारखेच्या बैठकीसाठी दुसऱ्याच दिवशी पुन्हा नाव नोंदवावे.