जुन्या पिस्तुलाची माशी बदलताना या चुका टाळा

जुन्या पिस्तुलाची माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी पुढच्या टोकावर असलेला उंचवटा (फ्रंट साइट), झिजली किंवा डोळ्यांना नीट दिसेनाशी झाली की बहुतेक जण आधी दुसऱ्या कंपनीची नवी माशी मागवतात आणि ती बसते की नाही हे नंतर पाहतात. पुढच्या बहुतेक अडचणी या उलट्या क्रमातून निर्माण होतात.

त्याहून गंभीर चूक म्हणजे हे काम कोणाच्याही हाती सोपवणे. यंत्रमागाचे सुटे भाग हुबेहूब घडवणारे कारागीर सोलापुरात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हातातील कसब मी जवळून पाहिले आहे. तरीही शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीसाठी परवाना लागतो, म्हणून पिस्तूल परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच न्यावे. शंका असल्यास शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारावे. पुढील सूचना मालकाने काय मागवावे, काय सांगावे आणि काम झाल्यावर काय तपासावे यासाठी आहेत.

प्रथम मॅगझिन काढून आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, गोळी बसण्याची जागा) रिकामे असल्याची स्वतः खात्री करून माशी कशी जोडलेली आहे ते पाहावे. वाल्थर पीपीके या पिस्तुलाची माशी स्लाइडच्याच, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्याच, धातूतून कोरलेली असते, त्यामुळे ती ठोकून निघणारच नाही. जुन्या १९११ पद्धतीच्या (कोल्ट एम१९११ नमुन्याच्या) पिस्तुलात माशीचा खुंट स्लाइडच्या भोकातून आत जातो आणि आतून ठोकून पसरवलेला असतो. हा खुंट अरुंद आणि रुंद अशा दोन मापांत येतो, म्हणून माप न घेता मागवलेली माशी परत पाठवावी लागते. काही पिस्तुलांत आडवी पिन किंवा बारीक स्क्रू असतो, आणि तो न काढता हातोडी चालवल्यास खाचच फाटते.

डोव्हटेल खाचेच्या, म्हणजे तळाशी रुंद आणि वर अरुंद अशा तिरप्या कडांच्या खाचेच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान होते. खाचेची रुंदी आणि खोली व्हर्नियरने मोजली जाते, पण कोनाकडे दुर्लक्ष होते. खाच ६० अंशांची आणि माशीचा पाया ६५ अंशांचा असेल, तर ती केवळ कडांवर टेकते, घट्ट बसल्यासारखी वाटते आणि काही फैरींनंतर सरकू लागते. माशी अडत असेल तर कानस माशीच्या पायावरच चालवावी, स्लाइडच्या खाचेवर कधीही नाही, कारण माशी बिघडली तर दुसरी मिळते, जुन्या पिस्तुलाची स्लाइड मात्र सहसा मिळत नाही. त्रिकोणी कानशीची एक बाजू घासून गुळगुळीत केलेली असावी, म्हणजे कोन घासताना शेजारचा पृष्ठभाग शाबूत राहतो. स्लाइड पिस्तुलापासून वेगळी काढून, व्हाइसच्या जबड्यांत मऊ अस्तर घालून धरावी आणि ठोकण्यासाठी पितळेचा किंवा नायलॉनचा दांडा वापरावा. माझ्या एका पिस्तुलावर पोलादी पंच वापरला गेला. त्याचे दोन खोल वण आजही मला खटकतात.

उंची अंदाजाने ठरवणे ही आणखी एक चूक. माशी उंच केली की गोळी खाली लागते, ठेंगणी केली की वर. गोळी नेमाच्या बिंदूपासून जितकी वर किंवा खाली लागते, त्या फरकाला माशी आणि रिअर साइट (नेम धरण्याची मागची खाच) या दोन्ही साइटमधील अंतराने गुणावे आणि लक्ष्यापर्यंतच्या अंतराने भागावे. समजा, २५ मीटरवर गोळ्या ६० मिलिमीटर वर लागतात आणि दोन्ही साइटमध्ये १६५ मिलिमीटर अंतर आहे, तर सुमारे ०.४ मिलिमीटर उंच माशी हवी. हा हिशेब एका गोळीवर नव्हे, टेकू देऊन झाडलेल्या पाच-पाच गोळ्यांच्या दोन-तीन गटांच्या मध्यावर करावा. शंका असल्यास किंचित उंच माशी घ्यावी, कारण वरून घासून ती कमी करता येते.

माशी बसवल्यावर गोळ्या डावीकडे लागत असतील, तर माशीही डावीकडेच सरकवावी. ती रिअर साइटच्या उलट वागते, हे विसरून अनेक जण चूक दुप्पट करतात. सरकवण्यापूर्वी पेन्सिलीची खूण करावी आणि गोळ्यांचा गट खरोखर ट्रिगर ओढण्याच्या सवयीमुळे बाजूला जात नाही ना, हे दुसऱ्या नेमबाजाकडून तपासून घ्यावे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात चकचकीत माशीची एकच बाजू उजळते आणि डोळा तीच कड मध्य समजतो. त्यामुळे दुपारी बिघडलेला नेम दुसऱ्या दिवशी सकाळी, सावलीत पुन्हा पाहावा, आणि माशी त्यानंतरच हलवावी.