लहान मुलांना शाळेची ओळख करून देताना या चुका टाळा

बालवर्गातल्या एका मुलीने सलग तीन दिवस वर्गातच चड्डी ओली केली. स्वच्छतागृह तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी मी दाखवलं होतं आणि "कुठे आहे गं?" विचारलं की ती बोटाने बरोबर दाखवायची. चौथ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. जाताना ती पुढे, मी मागे. परत निघालो तर दाराबाहेर पाऊल टाकताच ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दोन्ही बाजूंना सारखीच दारं, एकाच रंगाची. तिला जायची वाट येत होती, परतीची येत नव्हती. वर्ग सापडला नाही तर, या धास्तीने ती जातच नव्हती.

दाखवलं म्हणजे मुलाला कळलं, असं आपण धरून चालतो. पुढच्या बऱ्याच चुका त्यातून होतात.

एका फेरीत अख्खी शाळा

पहिल्या दिवशी मुलांची आगगाडी करून ऑफिस, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान सगळं दाखवून आणायची पद्धत असते. त्या गाडीतल्या मुलाला दिसते ती पुढच्याची पाठ. दुचाकीवर मागे बसून दहा वेळा गेलेला रस्ता स्वतः गाडी चालवायची वेळ आली की मोठ्यांनाही आठवत नाही. हात धरून नेलेल्या मुलाचंही तेच होतं.

पहिल्या आठवड्यात चारच जागा पुरेत: आपला वर्ग, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि घरी न्यायला येतात ती जागा. चार-पाच मुलांनाच घेऊन निघा आणि त्यांतल्या एकाला पुढे चालू द्या. तो चुकीकडे वळला तर लगेच हाक मारू नका. थोडं जाऊ द्या, तो स्वतः थबकतो, मागे बघतो. तेवढ्यात तो जे शिकतो ते आपल्या सांगण्याने शिकत नाही. प्रयोगशाळा पुढच्या महिन्यात दाखवली तरी काही बिघडत नाही.

परतीची वाट गृहीत धरणं

येताना सगळं उलटं दिसतं. उजवीकडचा नळ डावीकडे येतो, जिना पाठीमागे जातो. म्हणून प्रत्येक वळणावर थांबून मुलांना मागे वळून बघायला लावा, "आपण कुठून आलो?" विचारा. आणखी एक साधी गोष्ट: वर्गाचं चित्र दारावर सपाट चिकटवलं तर ते दारासमोर उभं राहिल्यावरच दिसतं. तेच चित्र भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या पाटीवर दोन्ही बाजूंनी लावलं, तर व्हरांड्याच्या टोकापासून दिसतं, जाताना आणि येतानाही. आमच्या दाराशी अशा पाटीवर माशाचं चित्र आलं आणि त्या मुलीचा प्रश्न दोन दिवसांत सुटला.

आपल्या उंचीवरच्या खुणा

चार वर्षांचं मूल जेमतेम 1 मीटर उंच असतं. आपण पाट्या लावतो आपल्या डोळ्यांसमोर. एकदा व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून बघा. अर्ध्या पाट्या दिसणार नाहीत, आणि कधी लक्षात न आलेली नळाची तोटी, पायरीचा तुटका कोपरा मात्र दिसेल. मुलांच्या खुणा त्याच असतात, त्यांनाच विचारून वापरा. जागेवरून हलणारी वस्तू खूण म्हणून सांगू नका. "सायकली लावल्यात ना, तिथून" असं सकाळी सांगितलं आणि दुपारी सायकली गेल्या, तर वाटही गेली.

"उजवीकडे वळ" हेही टाळा. डावं-उजवं बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांपर्यंत पक्कं होत नाही. "झाडाकडे तोंड कर आणि चाल" हे कळतं.

एका जागेला चार नावं

घरी बाथरूम, वर्गात स्वच्छतागृह, मावशी म्हणतात संडास, मोठी मुलं म्हणतात टॉयलेट. मुलाला विचारायचं असतं, पण कोणता शब्द वापरायचा ते कळत नाही. एक शब्द ठरवा आणि पालकांनाही कळवा.

चालण्याआधी नकाशा

ज्युडी डीलोच या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने 1987 मध्ये दाखवलं की खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत लपवलेलं खेळणं पाहून, खऱ्या खोलीत त्याच जागी लपवलेलं मोठं खेळणं तीन वर्षांची मुलं शोधतात. अडीच वर्षांच्या बहुतेकांना ते जमत नाही. म्हणजे प्रतिकृतीची समज या वयात नुकती उमलत असते. कागदावरचा, वरून पाहिलेला नकाशा त्यापुढची पायरी. आधी पायांनी चाला, मग वर्गात ठोकळ्यांची शाळा मांडा आणि "नळ कुठे ठेवू?" असा वाद मुलांना घालू द्या.

ऑफिसची भीती

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. "दंगा केलास तर मोठ्या बाईंकडे नेईन" असं आपण सहज बोलून जातो. मग वाट चुकलेलं मूल ऑफिससमोरून रडत जातं, पण आत शिरत नाही. आपण ज्या दाराने त्याला घाबरवलं, तिथेच त्याला मदत मिळायची असते. ऑफिसात पहिली भेट काहीतरी द्यायला जाण्याची असू दे, चिठ्ठी किंवा चित्र. आणि स्वतःच्या वर्गाचं नाव तोंडी करून घ्या. विचारल्यावर मुलं "माझा वर्ग" एवढंच सांगतात. "माशाचा वर्ग" म्हटलं की कोणीही पोहोचवू शकतं.

वाट येते, तरी जात नाही

मग अडचण वाटेची नाही. कडी घट्ट असेल, फ्लशचा आवाज दचकवत असेल, दिव्याचं बटण वर असेल, नाहीतर मधल्या सुट्टीत मोठ्या मुलांची गर्दी. आपण शाळा दाखवतो ती शांत वेळी. एकदा त्या गोंगाटातही सोबत जा.

"समजलं ना?" या प्रश्नाला पूर्ण वर्ग "हो" म्हणतो, त्यावर विसंबू नका. दोघांच्या जोडीला निरोप देऊन पाठवा आणि दुरून बघा. मोठ्या सुट्टीनंतर, किंवा दारांना नवा रंग दिल्यावर, हे सगळं पुन्हा करावं लागतं. हिरवं दार शोधत व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या मुलाला ते आता पिवळं आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं.