जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचं छत दुरुस्त करताय? या चुका टाळा

मी पहिला जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतला तेव्हा त्याच्या छतावर पांढरा, जाड, गुळगुळीत थर होता. विकणारा म्हणाला, "वरून सगळं वॉटरप्रूफिंग करून घेतलंय." मी खूश. आत पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी डाग होता, पण तो म्हणे जुना. दोन महिन्यांनी तिथलं प्लायवूड सोडवलं तर मागचा वाशा चिमटीत धरताच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा सुटून हातात आला. वरचा पांढरा थर मात्र शाबूत. वरून कीर्तन, आतून तमाशा.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. या ट्रेलरमध्ये पाणी अडवणारं सील पत्र्याच्या वर नसतं, ते दोन पत्र्यांच्या मध्ये किंवा पट्टी आणि पत्र्याच्या मध्ये दाबलेलं असतं. ते वाळलं, भेगाळलं की गळती सुरू. मग वरून कितीही लेपा, मूळ सील मेलेलंच राहतं.

मी बोलतोय ते लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवलेल्या ट्रेलरबद्दल. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत असे भरपूर बनले. बाजूने पाहिलं तर मांसाच्या डब्यासारखे दिसतात, म्हणून त्यांना 'कॅन्ड हॅम' म्हणतात. एअरस्ट्रीम कंपनीच्या, रिव्हेट ठोकून पत्रे जोडलेल्या ट्रेलरचं गणित थोडं वेगळं आहे, त्याबद्दल पुढे दोन शब्द.

डाग तिथे गळती, असं समजणं

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हा प्रकार इथे सर्रास होतो. पाणी पुढच्या दिव्याच्या स्क्रूतून शिरतं, वाशाच्या कडेने किंवा वायरच्या अंगाने सरकत जातं आणि भलत्याच ठिकाणी, उताराच्या शेवटी ठिबकतं. माझ्या ट्रेलरमध्ये डाग होता मागच्या कोपऱ्यात आणि पाणी शिरत होतं तिथून हातभर वर बसवलेल्या लाल मार्कर दिव्यातून (रात्री ट्रेलरची कड दिसावी म्हणून लावतात तो).

संशयितांची यादी नेहमी तीच असते: मार्कर दिवे, छताची खिडकी म्हणजे व्हेंट, अँटेना किंवा पाइप जिथून बाहेर येतो ते भोक, आणि छताचा पत्रा बाजूच्या पत्र्याला मिळतो त्या कडेची लांबलचक पट्टी. सपाट पत्रा मधूनच फुटून गळतोय, असं क्वचित.

शोधायचं कसं? पाइपने पाणी मारायचं, पण खालून वर. आधी फक्त खिडकीच्या खालच्या कडेवर पाच-दहा मिनिटं, मग खिडकीच्या वर, मग कडेची पट्टी, सगळ्यात शेवटी छत. आत कुणाला तरी टॉर्च देऊन बसवा. थेट छतावर पाणी सोडलंत तर सगळीकडून एकदम ओघळेल आणि काहीच कळणार नाही.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. दारं-खिडक्या बंद करा, व्हेंट आणि फटी टेपने झाका, एका खिडकीत पुठ्ठा लावून त्यातून ब्लोअरने आत हवा सोडा. जोर बेताचाच, ट्रेलर फुगवायचा नाहीये. मग बाहेरून साबणाचं पाणी स्प्रे करत फिरा. जिथे हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. कडेच्या पट्टीवर एका स्क्रूभोवती मोहरीएवढे फेसाचे मणी उठताना पाहिले की मनातल्या सगळ्या शंका फिटतात. प्रत्येक जागी खडूने खूण करत जा.

सिलिकॉनची ट्यूब

माझं स्पष्ट मत आहे की जुन्या ट्रेलरच्या जवळपास सिलिकॉनची ट्यूब फिरकूच देऊ नये. बाथरूमला लावतात ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं, ते धातूला बरं नाही. त्याहून मोठा त्रास म्हणजे सिलिकॉन एकदा लागलं की त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. रंग नाही, दुसरं सीलंट नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आधीच्या मालकाने पाच मिनिटांत ओढलेली ती रेघ खरवडायला माझे दोन रविवार गेले. प्लास्टिकची पट्टी, सिलिकॉन काढायचं द्रावण, पुन्हा पट्टी. लोखंडी खरवडणी वापरलीत तर पत्र्यावर ओरखडे पडतात आणि त्यातूनच पुढे गंज धरतो.

बरोबर काम थोडं कष्टाचं आहे. छताच्या कडेची पट्टी पूर्ण उतरवायची. खालचा जुना, दगड झालेला पुट्टी टेप साफ काढायचा. पत्रा सॉल्व्हंटने पुसायचा. मग पट्टीच्या मागे ब्युटाईल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी टेप, लावायचा, साधारण ३ मिमी जाड. टेप ताणू नका, ताणला की पातळ होतो. कोपऱ्यात तोडून जोडायची वेळ आलीच तर टोकं एकमेकांवर चढवा, नुसती शेजारी ठेवू नका.

स्क्रू कसताना सगळ्यांचा हात घाईला येतो. ब्युटाईल मऊ असलं तरी ते सावकाश सरकतं. एका दमात घट्ट कसलं तर स्क्रूपाशी टेप पिळून निघतो आणि दोन स्क्रूंच्या मध्ये पट्टी फुगून राहते. मधल्या स्क्रूपासून सुरुवात करून दोन्हीकडे थोडं थोडं कसत जा, कडेने टेपची बारीक वळी सगळीकडे सारखी बाहेर आली की थांबा. दुसऱ्या दिवशी, ऊन पडल्यावर, पुन्हा पाव-अर्धा फेरा द्या. बाहेर आलेली वळी प्लास्टिकच्या पट्टीने कापा. स्क्रू गोल फिरतच राहतोय, पकडत नाही? मग आतलं लाकूड गेलंय. तिथे जाडा स्क्रू घालून वेळ मारून नेऊ नका.

सेल्फ-लेव्हलिंग सीलंटबद्दल एक इशारा. ते आपोआप पसरतं म्हणून सपाट छतावर व्हेंटभोवती उत्तम. कॅन्ड हॅमच्या गोलाईवर लावलंत तर ते आपोआपच पुढच्या काचेपर्यंत येतं. मला माहीत आहे. उतारावर न ओघळणारं, घट्ट सीलंट घ्या.

ओल्यावर कोटिंग

ॲक्रिलिकचं पांढरं छत-कोटिंग वाईट नाही. वाईट आहे ते ओल्या, कुजक्या छतावर मारणं. खालचं पाणी तिथेच कोंडतं, बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही मिळतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की कुज सुरू व्हायला वाव मिळतो. साधा मॉइश्चर मीटर लावून बघा, १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली येईपर्यंत काही झाकू नका. वाशांमधला काचतंतूचा लोकरीसारखा थर, म्हणजे इन्सुलेशन, भिजलेला असेल तर वाळवत बसू नका, फेकून द्या. त्यात उंदरांचे संसार असतात, तेव्हा मास्क आणि हातमोजे घालूनच. जुना रंग घासतानाही मास्क हवाच, त्यात शिसं असण्याची शक्यता असते.

शिवाय ॲक्रिलिक कोटिंग साचलेलं पाणी फार दिवस सोसत नाही, मऊ पडून पोपडे निघतात. छताला खड्डा असेल तर आधी खड्डा काढा. कुणी पूर्वी वर रबरी पडदा चिकटवला असेल तर तो पेट्रोलजन्य सॉल्व्हंटने पुसू नका, रबर फुगतं.

आधार न देता पत्रा सोडणं

या ट्रेलरची कपाटं, पलंगाची चौकट, मधली भिंत हे नुसतं फर्निचर नसतं. सांगाडा त्यांच्यावर तोललेला असतो, आणि पातळ पत्राही त्याला ताठ धरतो. उत्साहाच्या भरात आतलं सगळं काढून वरचा पत्राही उचलला की भिंती बाहेरच्या बाजूला कलतात. नंतर पत्रा परत चढवताना एका टोकाला दोन बोटं कमी पडतो आणि आपण पत्र्याला दोष देतो.

म्हणून आधी दारापाशी, मध्ये आणि मागे भिंतींमधलं अंतर मोजून लिहा, कर्णही मोजा. आडव्या आणि तिरक्या फळ्या ठोका. एका वेळी एकच बाजू उघडा. कोणता पत्रा कुणावर चढलाय याचे फोटो घ्या. वरचा पत्रा खालच्यावर यायला हवा, कौलांसारखा. उलटा बसला तर प्रत्येक जोड पाणी आत ओतणारी पन्हाळ होतो. फाटका जुना पत्राही नवा कापून होईपर्यंत टाकू नका, त्याच्याइतका अचूक नमुना दुसरा नाही.

लाकूड बदलताना

'पुन्हा कुजायला नको' म्हणून बरेच जण औषध मारलेलं, हिरवट लाकूड आणतात. त्या औषधात बहुधा तांबं असतं, आणि ओल मिळाली की तांबं ॲल्युमिनियमला खातं. काही वर्षांत पत्र्याला आतून टाचणीएवढी भोकं पडतात. साधं, सुकं, सरळ लाकूड घ्या आणि पाणी बाहेर ठेवा.

वाशांची गोलाई जपा. मूळ वाशांना बहुधा मध्ये थोडा उंचवटा असतो, त्यामुळे पाणी दोन्हीकडे वाहून जातं. सरळ पट्ट्या ठोकल्या की व्हेंटभोवती तळं साचतं. जुने वाशे पाहिलेत तर लक्षात येईल, जेमतेम अंगठ्याएवढे जाड असतात. त्यावर ३५-४५ किलोचा एसी बसवायचा असेल तर आधी खाली भक्कम चौकट हवी, नाहीतर विषय सोडा. चढायचंच असेल तर दोन-तीन वाशांवर वजन वाटेल अशी फळी आडवी टाकून चढा. नवीन व्हेंट साधारण १४ × १४ इंचांच्या भोकासाठी मिळतो, पण जुनं भोक स्वतः मोजा.

धातू आणि ऊन

ॲल्युमिनियम उन्हात वाढतं. पाच मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने साडेचार मिमीच्या आसपास लांबतो आणि रात्री परत आखडतो. रोज. त्यामुळे कडक होऊन बसणारं कुठलंही भरण, मग ते गाडीच्या दुरुस्तीचं पुट्टी असो की इपॉक्सी, जोडावर तडकतंच. तिथे लवचिक पॉलियुरेथेन किंवा ब्युटाईलच लागतं. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, साधे लोखंडी गंजून डोकी सोडतात. पत्रा घासायला लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण रुतून बसतात आणि लाल ठिपके येतात.

एअरस्ट्रीमवाल्यांसाठी एवढंच: साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, म्हणजे छतावर तुम्ही स्वतःच एक भोक पाडून ठेवता. बंद टोकाचे किंवा बाहेरून डोकं तासायचे रिव्हेट वापरा, बसवताना सीलंटमध्ये बुडवून.

सगळं केलं, तरी ठिबकतंय

माझ्या ट्रेलरचं छत पूर्ण झालं आणि पहिल्याच थंड सकाळी पलंगावर दोन थेंब पडले. मी शिडी लावून वर, पट्टीवर कान लावल्यागत बसलो, दोन स्क्रू पुन्हा काढलेसुद्धा. बायको खालून म्हणाली, "अहो, रात्री पाऊस कुठे होता?"

पाऊस नव्हताच. आम्ही दोघं आत झोपलेलो, खिडक्या गच्च बंद, झोपताना गॅसवर चहा झालेला. गॅस जळला की वाफ होते, माणसाच्या श्वासातही ती असते, आणि थंड पत्रा मिळाला की तिचं पाणी होतं. नवा वाशा घातला तिथे एका खणात इन्सुलेशन भरायचं मी विसरलो होतो. थेंब नेमके त्या खणातून, स्क्रूच्या टोकांवरून येत होते. छताची कड सोडवावी लागली नाही. आतलं एक प्लायवूड उतरवून तुकडा बसवला आणि त्या रात्रीपासून व्हेंट दोन बोटं उघडा ठेवला.