साखरेत घोळवलेले काजू-बदाम चिकट होऊ नयेत म्हणून

200 ग्रॅम काजू-बदाम मंद आचेवर आठ-दहा मिनिटं कोरडे भाजा. कच्चे राहिले तर पाकाखाली मऊच लागतात. जाड बुडाच्या कढईत 100 ग्रॅम साखर, पाव वाटी पाणी, चिमूटभर मीठ. पाकाला दाट बुडबुडे आले की काजू-बदाम घालून मध्यम आचेवर सतत हलवा. थोड्या वेळाने साखर कोरडी, पांढरी, रवाळ होते. पाक बिघडला असं वाटून बरेच जण इथेच पाणी ओततात. ओतू नका! आच मंद करून हलवत राहा, तीच साखर पुन्हा वितळते आणि दाण्यांवर सोनेरी चकाकी चढते. गडद होण्याआधीच उतरवा, कारण तापलेल्या कढईत ती करपत राहते. चमचाभर तूप आणि वेलची पूड घालून तूप लावलेल्या ताटात पसरा, दोन चमच्यांनी लगेच सुटे करा. हात लावू नका, हा पाक फार वाईट भाजतो.

मुंबईच्या दमट हवेत साखर ओल ओढून घेते, त्यामुळे ताट तासन्‌तास उघडं ठेवू नका. पूर्ण गार होताच हवाबंद बरणीत भरा. कोमट भरले तर वाफ धरते.