एसएसडीवर ट्रिम सुरू ठेवावे की नाही, हे कसे ठरवावे

एसएसडी, म्हणजे फ्लॅश मेमरीच्या चिपांवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, घेताना आपण तिची क्षमता आणि किंमत विचारतो. तिच्यावर ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलीची जागा मोकळी झाल्याचे ड्राइव्हला कळवण्याची सोय, सुरू आहे का, हे फारसे कोणी विचारत नाही. या एका सेटिंगचा परिणाम मात्र दोन गोष्टींवर होतो. एक म्हणजे ड्राइव्ह भरत आल्यावर टिकणारा वेग, आणि दुसरी म्हणजे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता. पहिलीसाठी ट्रिम हवे असते, दुसरीच्या ते आड येते.

फ्लॅश मेमरीत लिहिणे पानापानाने होते, पुसणे मात्र अख्ख्या ब्लॉकचे होते. एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पाने असतात आणि भरलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आपण फाइल पुसतो तेव्हा विंडोज किंवा लिनक्स आपल्या नोंदीत ती जागा मोकळी झाल्याचे लिहून ठेवते, पण ड्राइव्हला त्याचा पत्ता नसतो. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या शीतगृहात क्रेट एकेक करून ठेवता येतात, पण खोली धुवायची तर ती पूर्ण रिकामी करावी लागते, असे समजा. व्यापाऱ्याने आपल्या वहीत दोनशे क्रेट द्राक्षांवर काट मारली आणि शीतगृहाला निरोपच दिला नाही, तर तिथला माणूस दर वेळी खोली धुताना तो बाद मालही जपून दुसऱ्या खोलीत हलवत राहील. ट्रिम म्हणजे तो निरोप. तो मिळाला नाही तर ड्राइव्ह मृत डेटा इकडून तिकडे लिहीत राहते, झीज वाढते आणि मोकळे ब्लॉक कमी पडून लिहिण्याचा वेग घसरतो.

निरोप पोहोचला की माल मात्र गेलाच, हे मी जवळून पाहिले आहे. नाशिकच्या पंचवटीत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्या मावसभावाने ऐन लग्नसराईत जागा करण्यासाठी एक फोल्डर पुसला, रिसायकल बिनही रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आले की त्यात एका लग्नाच्या हळदीचे सगळे फोटो होते. कॅमेऱ्याची कार्डे तोवर पुन्हा वापरात गेली होती. आम्ही संगणक घेऊन महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या सॉफ्टवेअरने फाइलींची नावे दाखवली, क्रमांक जसेच्या तसे, आकारही बरोबर. आम्हाला हायसे वाटले. मग एकेक फाइल उघडून पाहिली, तर एकही उघडेना. आतला मजकूर तपासला तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती शून्ये होती. जुन्या हार्डडिस्कवर हेच झाले असते, तर त्यांतले बरेचसे फोटो हाती लागले असते.

म्हणून पहिली पायरी बॅकअपची आहे. ड्राइव्हवरचे जे गमावून चालणार नाही, ते आणखी एका ठिकाणी आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर सेटिंगला हात लावण्याआधी एक बाहेरची हार्डडिस्क घ्यावी आणि प्रत करावी. फाइल परत मिळावी एवढ्यासाठी ट्रिम बंद ठेवणे मला पटत नाही, कारण त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की ती आशाही संपते, आणि तोवर ड्राइव्ह मंदावलेली असते ती वेगळीच.

दुसरी पायरी म्हणजे सध्याची स्थिती पाहणे. विंडोज 7 पासून, म्हणजे 2009 पासून, ही सोय विंडोजमध्ये आहे आणि बहुतेक संगणकांवर ती आपोआप सुरू असते. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ ही खिडकी उघडावी. ड्राइव्हच्या नावापुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे दिसायला हवे. खात्री हवी असेल तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडून उघडावा आणि इंग्रजी अक्षरांत ‘एफएसयूटिल बिहेविअर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय’ (fsutil behavior query DisableDeleteNotify) ही कमांड द्यावी. ‘डिसेबल’, ‘डिलीट’ आणि ‘नोटिफाय’ हे शेवटचे तीन शब्द जोडून लिहायचे असतात. उत्तरात 0 आले तर ट्रिम सुरू, 1 आले तर बंद. सेटिंगचे नावच ‘बंद करा’ अशा अर्थाचे असल्याने आकडे उलटे वाटतात आणि पुष्कळ जण इथे फसतात. 1 दिसले तर त्याच कमांडमध्ये ‘क्वेरी’ऐवजी ‘सेट’ लिहून शेवटी एक जागा सोडून 0 द्यावा. त्यानंतर वरच्या खिडकीतले ‘ऑप्टिमाइझ’ एकदा दाबावे, म्हणजे पूर्वी पुसलेल्या जागांचा राहून गेलेला निरोपही पोहोचतो. एसएसडीवर हे बटण हार्डडिस्कसारखे नेहमीचे डीफ्रॅग करत नाही, त्यामुळे त्याला भिण्याचे कारण नाही.

लिनक्सवर दोन पद्धतींतून निवड करावी लागते. ‘डिस्कार्ड’ हा पर्याय देऊन ड्राइव्ह जोडली (माउंट केली), तर फाइल पुसताच निरोप जातो. ‘एफएसट्रिम’ या कमांडचा टायमर लावला, तर तो आठवड्यातून एकदा एकत्र जातो. घरच्या आणि दुकानाच्या संगणकासाठी मी साप्ताहिक पद्धतच सुचवेन. कामाच्या मध्ये त्याचा अडथळा होत नाही, आणि सोमवारी चुकून पुसलेली फाइल बुधवारी लक्षात आली तर मधल्या काळात टायमर चालला नसल्यास ती मिळण्याची काही आशा उरते. अशा वेळी आधी टायमर थांबवावा आणि त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नये. ॲपलच्या संगणकांत मूळच्या एसएसडीवर ट्रिम सुरूच असते.

ट्रिम बंद राहू द्यावे असे प्रसंग थोडे आहेत, पण एक गंभीरपणे घ्यावा. वकिलाच्या किंवा सनदी लेखापालाच्या लिनक्स संगणकावर ड्राइव्ह पूर्ण कूटबद्ध (एन्क्रिप्ट) केलेली असेल, तर तिथे ट्रिम सहसा मुद्दाम बंद ठेवलेले असते. ते सुरू केल्याने मजकूर उघडा पडत नाही, मात्र ड्राइव्ह ज्याच्या हाती लागेल त्याला कोणता भाग रिकामा आहे आणि साधारण किती डेटा आहे, हे कळू शकते. लॅपटॉप चोरीला जाण्याची भीती एवढीच चिंता असेल, तर माझ्या मते ते सुरू करायला हरकत नाही. डेटा किती आहे हेसुद्धा गुप्त राहायला हवे, तर ते बंदच ठेवावे, आणि ड्राइव्ह नवी असतानाच तिचा दहावा हिस्सा विभाजनाबाहेर (कोणत्याही पार्टिशनमध्ये न घेता) मोकळा सोडावा. ती जागा ड्राइव्हला तिच्या अंतर्गत साफसफाईसाठी वापरता येते.

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातल्या सर्व्हरवर एसएसडी रेड कार्डामागे, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र चालवणाऱ्या कार्डामागे, असतील, तर अनेक कार्डे हा निरोप पुढे पाठवत नाहीत. कार्डाची माहितीपुस्तिका पाहूनच पुढे जावे. यूएसबी केसिंगमधल्या एसएसडीचेही असेच आहे. निरोप पुढे जाणे केसिंगमधल्या चिपवर अवलंबून असते. लिनक्सवर ‘एलएसबीएलके’ या ड्राइव्हची यादी दाखवणाऱ्या कमांडला ‘डिस्कार्ड’ची जोड देऊन (lsblk --discard) पाहावे, त्या ड्राइव्हपुढे शून्ये आली तर निरोप तिथपर्यंत जात नाही. मग वर्षातून एखाद्या वेळी ती एसएसडी केसिंगमधून काढून थेट संगणकाच्या मदरबोर्डला जोडावी आणि एकदा ‘ऑप्टिमाइझ’ किंवा ‘एफएसट्रिम’ चालवून पुन्हा जागेवर बसवावी.